वाचक विचारतात : बक्षिसाचे पुस्तक, मॅट्रिकचा कागद आणि पानसुपारी

जुन्या शाळांचे दाखले, बक्षिसे, पदके ज्यांच्या घरी आहेत त्यांनी शंका कळवाव्यात, असे गेल्या अंकात म्हटले होते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी काही पुढे घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

आमच्या शाळेचा शतकोत्तर रौप्यमहोत्सव आहे. सुरुवातीच्या काळातला पदवीदान समारंभ जसाच्या तसा करून दाखवायचा आहे. मुलांना काळे झगे आणि चौकोनी टोप्या भाड्याने आणल्या तर चालतील का? कार्यक्रम कसा आखावा? (शाळा समितीचे सदस्य, कराड)

झगे आणू नका. आपल्याकडच्या शाळेत पदवीदान नव्हतेच. पदवी विद्यापीठाची, आणि झगाही तिथलाच. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले, पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये झाली आणि १८६२ मध्ये पहिले चार बी.ए. बाहेर पडले : रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक. झगा घालण्याचा प्रसंग अशा चौघांवर यायचा, तोही मुंबईत. सातारा, वाई, कराडच्या मुलाने मॅट्रिक दिली तरी शाळा त्याला समारंभाने निरोप देत नसे. निकाल लागेपर्यंत तो शाळेतून गेलेलाही असे. आज बालवाडीच्या मुलांना टोप्या घालून फोटो काढतात, ती अलीकडची हौस आहे. तिला शंभर वर्षांमागे नेऊन बसवू नये.

शाळेत दोन गोष्टी होत. पहिली जाहीर परीक्षा. विशेषतः एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला परीक्षा हाच समारंभ असे. गावातली प्रतिष्ठित मंडळी बसत, साहेब किंवा शास्त्री प्रश्न विचारत, मुले उभी राहून उत्तरे देत. पुण्यात १८५३ साली फुले दांपत्याच्या मुलींच्या शाळांची अशी परीक्षा झाली तेव्हा बघ्यांची गर्दी लोटली होती. पुढे शिक्षण खात्याची घडी बसली, डेप्युटी साहेब इयत्तावार तपासणी करू लागले आणि खाजगी शाळांचे अनुदान किती मुले पास झाली यावर ठरू लागले. तेव्हा परीक्षा बंद खोलीत गेली आणि लोकांसाठी दुसरी गोष्ट उरली, ती म्हणजे बक्षीस समारंभ. तुम्ही हाच करा.

अध्यक्ष कोण, हे गावावर ठरे. सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले, त्यामुळे सातारा, कराड, वाई इथे कलेक्टर, जज्ज, मामलेदार अशी सरकारी मंडळी खुर्चीवर. सांगली, मिरज, औंध, फलटण ही संस्थाने, तिथे संस्थानिक किंवा त्यांचे कारभारी. कराडची शाळा असेल तर नाटकात राजेसाहेब आणू नका, मामलेदार पुरे.

क्रम असा ठेवा : ईशस्तवनाचे पद, हेडमास्तरांचा अहवाल, मुलांचे पाठांतर आणि तोंडचे हिशेब, बक्षीस वाटप, अध्यक्षांचे भाषण, आभार, शेवटी हारतुरे, अत्तरगुलाब आणि पानसुपारी. दीड तासात संपवा. निवेदक, स्मृतिचिन्हे, पुष्पगुच्छ आणि फ्लेक्स यांना यात जागा नाही. फ्लेक्सऐवजी आंब्याच्या पानांचे तोरण आणि दोन केळीचे खुंट लावा.

अहवालाकडे लोक दुर्लक्ष करतात, पण या समारंभाचा कणा तोच आहे. पटावरची संख्या, सरासरी हजेरी, प्रत्येक इयत्तेत परीक्षेला किती बसले आणि किती पास झाले, फी किती जमली, शिक्षकांच्या बदल्या, इमारतीची गरज, एवढेच त्यात यावे. तुमच्या शाळेचे जुने हजेरीपट शिल्लक असतील तर कोणत्याही एका वर्षाचे खरे आकडे काढा आणि सात मिनिटांत वाचा. आकडे खरे असले की सभागृह ऐकते.

तोंडच्या हिशेबांसाठी चार मुले दोन महिने आधी तयार करा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ हवी. औटकी म्हणजे साडेतीनची. प्रश्न त्या काळच्या मापात घाला, म्हणजे ज्येष्ठांना रस येतो : सव्वा रुपयाला एक पायली जोंधळा, तर साडेतीन पायल्यांचे किती? उत्तर चार रुपये सहा आणे. रुपयाचे सोळा आणे आणि पायलीचे चार शेर, हे मुलांना आधी समजावून द्या. नाहीतर ती दशांशात उत्तर देतात आणि सगळा रंग जातो.

बक्षीस म्हणून पुस्तकच द्यायचे. बक्षिसाच्या पुस्तकाची ओळख म्हणजे पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेली छापील चिठ्ठी. तिच्यावर शाळेचे नाव, मुलाचे नाव, इयत्ता, कशाबद्दल आणि तारीख, खाली हेडमास्तरांची सही. कारणे ठरावीक असत : सर्व विषयांत पहिला, एखाद्या विषयात पहिला, नियमित हजेरी, उत्तम वर्तन. साधारण दहा बाय सात सेंटिमीटरची चिठ्ठी पिवळसर कागदावर छापून घ्या. ती फेव्हिकॉलने लावू नका, कारण तो डिंक पुन्हा सुटत नाही आणि कागद ताणून सुरकुत्या पाडतो. एक वाटी गव्हाचे सत्त्व किंवा मैदा, पाच वाट्या पाणी, मंद आचेवर वीस मिनिटे ढवळत शिजवा, गार झाल्यावर गाळा. पातळ हात द्या आणि वर वजन ठेवून रात्रभर दाबा. सतत न ढवळल्यास गुठळ्या होतात आणि चिठ्ठीवर उठून दिसतात. ही खळ दोन दिवसांत आंबते, म्हणून बेताचीच करा.

पानसुपारी दोनशे माणसांसाठी : दोन पानांच्या विड्याला ४०० पाने, खराब निघतात म्हणून साडेचारशे घ्या. सांगलीकडच्यांना नरवाड, बेडगच्या पानमळ्यांतून थेट मिळतील. सुपारी अर्धा किलो, लवंग २० ग्रॅम, कात आणि चुना प्रत्येकी १०० ग्रॅमच्या आत. गुलाबपाणी अर्धा लिटर, अत्तर एक तोळा. विडे दोन तास आधी लावून ओल्या फडक्यात गुंडाळा. सकाळी लावून ठेवले तर चुन्याने पान करपते. अत्तर मनगटाच्या वरच्या बाजूला लावतात आणि गुलाबदाणी अंगावर शिंपडतात. हे काम सराव नसलेल्या मुलांकडे दिले की डोळ्यांत पाणी जाते, म्हणून एखाद्या जाणत्या माणसाला नेमा. पाहुण्यांना पानसुपारी आणि मुलांना पेढे किंवा साखर, हा भेद पाळा.

मुलगी अमेरिकेत ओहायो राज्यात राहते. तिथल्या एका लहान गावातल्या शाळेचा १८८० च्या दशकातला छापील कार्यक्रम तिने फोटो काढून पाठवला. त्यात प्रत्येक मुलाच्या नावापुढे भाषणाचा विषय आहे. एकाचे स्वागताचे भाषण, एकाचे निरोपाचे. हा काय प्रकार? आपल्याकडे याच्याशी जुळणारे काही होते का? (फलटण)

अमेरिकेत हायस्कूलचा अभ्यासक्रम पुरा करणे हाच एक टप्पा मानला जाई आणि प्रमाणपत्र शाळाच देई. त्यामुळे निरोपाचा समारंभ शाळेचा, आणि गावाचाही. वर्ग इतके लहान असत की प्रत्येक मुलाला व्यासपीठावर काहीतरी वाचायला मिळे. मुले भाषण करीत, मुली बहुधा निबंध वाचत. गुणांत पहिला आलेला निरोपाचे भाषण करी, दुसरा स्वागताचे. निरोप देणाऱ्याला व्हॅलेडिक्टोरियन आणि स्वागत करणाऱ्याला सॅल्युटेटोरियन म्हणतात. प्रथा मूळची कॉलेजांची. हार्वर्ड, प्रिन्स्टनमध्ये स्वागताचे भाषण लॅटिनमध्ये होई. गावातल्या शाळांनी ती उचलली. कार्यक्रमात बहुधा प्रार्थना, संगीत, वर्गाचे बोधवाक्य आणि शेवटी शाळा मंडळाच्या अध्यक्षाच्या हातून फीत बांधलेले प्रमाणपत्र असते. फोटोत अशा ओळी आहेत का ते पाहा. तुमच्या कार्यक्रमात झग्याचा उल्लेख नसेल तर नवल नाही. तिथल्या कॉलेजांनी पोशाखाचे एकसारखे नियम १८९५ मध्ये ठरवले, शाळांत झगा त्यानंतर पसरला.

आकडे पाहिले की वर्ग लहान का ते कळते. १८७० च्या सुमारास साऱ्या अमेरिकेत हायस्कूल पुरे करणारे वर्षाला १६ हजार होते, म्हणजे सतरा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे दोन टक्के. १९०० मध्ये ते ९५ हजार झाले. त्यात मुली मुलांपेक्षा जास्त होत्या. १८७० मध्ये नऊ हजार मुली, सात हजार मुलगे. आपल्याकडे तेव्हा हायस्कूलच्या वर्गात मुलगी दिसणे दुर्मिळ. पुण्यात मुलींची हुजूरपागा शाळा १८८४ मध्ये निघाली.

आपल्याकडे अगदी जुळणारे काही नाही, आणि कारण सरळ आहे. आपली शेवटची परीक्षा शाळेच्या हातात नव्हती. पेपर, निकाल आणि क्रम विद्यापीठाचे, त्यामुळे कोण पहिला हे शाळेच्या चार भिंतींत ठरत नसे. तरी दोन गोष्टी मानाच्या होत्या. एक, मॅट्रिकला संस्कृतात वरचढ येणाऱ्याला मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. ती गावाच्या शाळेतल्या मुलाला मिळाली तर शाळेचे नाव होई. दुसरी, कॉलेजातली दक्षिणा फेलोशिप. तिच्यामागे पेशवे रमण्यात विद्वान ब्राह्मणांना वाटत त्या दक्षिणेचा निधी होता. शाळेतला विद्यार्थी पुढे फेलो झाला की हेडमास्तर अहवालात त्याचे नाव घालत.

निरोप आणि सत्कार व्हायचा तो वस्तीत. याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण पुढच्या शतकातले आहे. साताऱ्यात शिकलेले आंबेडकर १९०७ मध्ये मुंबईहून मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराची सभा समाजाने भरवली आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. म्हणजे मानाची खूण तिथेही पुस्तकच.

पणजोबा ‘सातवी पास’ होते असे घरात सांगतात. पण ते कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते. सातवी पासाला अशी नोकरी मिळे? (तासगाव)

कोणती सातवी, ते आधी पाहा. मराठी शाळेत बिगरीनंतर, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गानंतर, पहिली ते चौथी झाली की मुलगा इंग्रजी शाळेत जाई आणि तिथे पुन्हा पहिलीपासून मोजणी सुरू होई. इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिकचा वर्ग, आजच्या हिशेबाने अकरावी. इंग्रजी पाचवी म्हणजे नववी. मराठीतच राहिलेला मुलगा वरच्या मराठी इयत्तांतून बाहेर पडे. दाखल्यावर ‘पब्लिक सर्व्हिस’ असे शब्द असतील तर ती मराठी बाजूची, नोकरीसाठीची परीक्षा. त्यावर तलाठी, कारकून, प्राथमिक शिक्षक अशा जागा मिळत.

‘मॅट्रिकपर्यंत’ आणि ‘मॅट्रिक’ यांतही फरक आहे. पहिल्याचा अर्थ बहुतेक वेळा नापास. त्यात लाजण्यासारखे काही नाही, ती परीक्षा फार थोड्यांना साधे आणि नॉनमॅट्रिकलाही कचेरीत किंमत होती.

शाळेच्या जनरल रजिस्टरात खापरपणजोबांचे नाव सापडत नाही. साल अंदाजे १८८६. शाळा म्हणते, नोंद नाही. (सातारा)

बहुतेकदा नोंद असते, पण आपण आडनावाने शोधत असतो. त्या काळच्या नोंदींत पुष्कळदा मुलाचे आणि वडिलांचे नाव एवढेच असते, किंवा गावावरून आडनाव लावलेले असते. घरातले हाकेचे नावही चढवत. साताऱ्याच्या तेव्हाच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० ची नोंद ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी आहे, रजिस्टर क्रमांक १९१४. ‘भीमराव’ शोधणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. तोच दिवस आता विद्यार्थी दिन म्हणून पाळतात.

म्हणून वडिलांचे नाव, मूळ गाव आणि जात या तीन रकान्यांवरून शोधा आणि सालाच्या दोन्ही बाजूंना चार वर्षे पाहा. नोंद मोडीत असेल तर मोडी वाचणारा सोबत न्या. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, त्यामुळे सही कोठे संपली आणि नाव कोठे सुरू झाले हे नवख्याला उमगत नाही.

घरच्या कागदावर साल शकात असेल तर ७८ मिळवा. जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंतची तिथी असेल तर ७९. शके १८०८ म्हणजे १८८६-८७. फसली, म्हणजे महसुली साल, असेल तर मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९० आणि जानेवारी ते मे ५९१. प्रतापसिंह महाराजांच्या काळातल्या कागदावर राज्याभिषेक शक असेल तर १६७३ मिळवा, वर्ष ज्येष्ठात सुरू होते. सगळ्यात जास्त चूक होते ती फसली आणि शक यांची गल्लत करून. मग माणूस पाचशे वर्षे मागे किंवा पुढे जातो.

शाळेत काहीच मिळाले नाही आणि माणूस मॅट्रिक झाल्याचे नक्की असेल तर मुंबई विद्यापीठाची त्या काळची वार्षिक कॅलेंडरे चाळा, पदवीधर असेल तर नक्कीच. शिक्षण खात्याचे छापील वार्षिक अहवाल आहेत, पण त्यात शाळांचे आकडे असतात, मुलांची नावे नव्हेत. १८८५ च्या सातारा गॅझेटियरचेही तेच. त्यातून तुमच्या गावची शाळा तेव्हा होती की नाही एवढे कळेल.

आजोबांच्या वडिलांना बक्षीस मिळालेले पुस्तक २०१९ च्या पुरात भिजले. वाळवले, पण पाने चिकटली, काळे ठिपके आले आणि चिठ्ठीवरची शाई पसरली. (सांगली)

काळे ठिपके बुरशीचे आहेत. आधी नाकाला मास्क लावा आणि उघड्यावर, सावलीत, मऊ कोरड्या ब्रशने एकाच दिशेने झटका. ओल्या बोळ्याने पुसू नका. त्या काळी मुख्यतः दोन शाया होत्या. काजळ आणि डिंकाची शाई पाण्याने वाहते, मग कितीही वर्षे झालेली असोत. हिरडा आणि हिराकसाची शाई सहसा वाहत नाही, तपकिरी होते आणि कागद खाते, म्हणून अशा अक्षरांच्या जागी भोके दिसतात. तुमची पसरली आहे म्हणजे बहुधा पहिली. ती परत येत नाही, पण चिठ्ठीचा फोटो बाजूने तिरका उजेड पाडून काढा, बोरूचा किंवा टाकाचा दाब दिसतो आणि बरेच वाचता येते.

चिकटलेली पाने सुरीने उचकटू नका. जुना कागद गुळगुळीत लेपाचा नसेल तर सुटण्याची आशा असते. झाकणाच्या मोठ्या डब्यात तळाशी ओला टॉवेल, त्यावर जाळी, जाळीवर पुस्तक. पाण्याचा स्पर्श नको, फक्त दमटपणा हवा. दर दोन तासांनी पाहा, कागद सैल झाला की हाडाच्या किंवा बांबूच्या बोथट पट्टीने कोपऱ्यापासून हलके सोडवा आणि मध्ये टिपकागद ठेवा. डबा रात्रभर बंद ठेवला तर बुरशी पुन्हा जागी होते. पुन्हा कधी पाणी आलेच तर पहिले ४८ तास महत्त्वाचे. वेळ नसेल तर पुस्तक मेणकागदात गुंडाळून डीप फ्रीजरमध्ये ठेवा आणि नंतर सवडीने पंख्याखाली वाळवा. उन्हात नको, पुठ्ठा वाकतो.

लॅमिनेशन करून घेऊ नका, दुकानदार कितीही म्हणो. ते उलटवता येत नाही. पुस्तक धुतलेल्या, खळ नसलेल्या मांजरपाटात गुंडाळून कपाटाच्या मधल्या फळीवर ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत पावसाळ्यात आतल्या आत घाम येतो.

मुलींना काय बक्षीस देत? आमच्याकडे पणजीचे खणाचे कापड ‘शाळेचे बक्षीस’ म्हणून जपलेले आहे. (नायगाव, ता. खंडाळा)

खण खरा असू शकतो. मुलींच्या शाळेत हजेरी टिकवणे हाच प्रश्न होता, म्हणून पुस्तकाबरोबर खण, कपडा, बाहुली, खाऊ असे देत. त्यामुळे खणावरून गुणवत्तेचा क्रमांक काढता येणार नाही. नुसत्या हजेरीलाही तो मिळे.

चांदीचे पदक आहे, वर कडी आहे. शाळेतल्या पहिल्या क्रमांकाचे असावे का? (विटा)

आधी तारीख पाहा. १८८७ किंवा १८९७ असेल तर ते राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्ण किंवा हीरक महोत्सवाचे, १९११ असेल तर दिल्ली दरबाराचे. अशी पदके मुलांना सरसकट वाटली जात आणि पुष्कळदा ती चांदीची नसतात. मुलाचे नाव आणि विषय कोरलेला असेल तरच ते मानाचे समजा.

एका बाजूला राणीचे डोके आणि दुसरी बाजू घासून त्यावर नाव कोरलेले असेल तर रुपयाचेच पदक केलेले आहे. रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम. घासल्याने थोडे कमी आणि कडीने थोडे जास्त भरेल. डोक्याभोवती ‘क्वीन’ असेल तर नाणे १८४० ते १८७६ मधले, ‘एम्प्रेस’ असेल तर १८७७ किंवा त्यानंतरचे. पदक अर्थातच नाण्यानंतरचे. सोनाराकडे चकाकी करायला देऊ नका. पॉलिशने आधी कोरीव अक्षरांच्या कडा जातात, आणि पदकाची सारी किंमत त्या अक्षरांत असते.